कंदील का बसला?

१

कंदील रस्त्याच्या मधोमध बसला तेव्हा शाळा-कचेऱ्यांची सकाळची घाई ऐन भरात होती.

कंदील हा कुत्रा. अंगानं दांडगा, रंगानं मातकट, आणि स्वभावानं इतका गरीब की त्याला पाहून मांजरंसुद्धा वाट बदलत नसत. आंधळ्या माणसाला रस्ता दाखवणं हे त्याचं काम. ज्यांना तो रस्ता दाखवायचा त्या बाई शाळेत जन्मभर व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या. दृष्टी उतारवयात गेली, पण ताठा तसाच राहिला. त्या सकाळी अर्धा रस्ता पार झाल्यावर कंदीलनं एकाएकी बूड टेकलं. बाईंनी पट्टा ओढला, समजावलं, दटावलं. कंदील ढिम्म. वळणावरून टेम्पो आला, त्याचा बाहेर आलेला आरसा बाईंना लागला आणि त्या पडल्या.

लोक धावले. बाईंना उचलून दवाखान्यात नेलं. कंदील तरीही तिथंच. शेवटी दोघांनी मिळून त्याला उचललं आणि कडेला नेऊन ठेवलं, तर तिथंही तो बसूनच राहिला. मान मागं वळवून, कुणाची तरी वाट पाहत असावा तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकाकाकांचा फोन वाजला.

नोकरीला लागणाऱ्या माणसांची शहानिशा करणाऱ्या एका छोट्या कचेरीत शंकाकाका काम करत. प्रमाणपत्र खरं की खोटं, सांगितलेल्या ठिकाणी माणूस खरंच कामाला होता की नाही, एवढंच पाहायचं. कचेरीतल्या पोरांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं, आणि त्यात चूक काही नव्हती. दुसऱ्यांच्या कागदांवर त्यांना शंका येई, त्याहून जास्त स्वतःवर. दाराला कुलूप लावलं की जिना उतरून पुन्हा वर जाऊन ते ओढून बघत.

"अगं, माझा चष्मा पाहिलास का?" शर्टाची बटणं लावता लावता त्यांनी विचारलं.

"आलेच!" आतून बायकोचा आवाज आला.

इतक्या वर्षांच्या संसारात या शब्दाचा अर्थ त्यांना पाठ झाला होता. बायको आता लवकर काही येत नाही. थोडा वेळ चुळबुळत ते दारात उभे राहिले. मग चष्मा खिशातच सापडला, आणि ते निघाले.

फोन होता कंदीलला तयार करणाऱ्या, वाटाड्या कुत्र्यांच्या प्रशिक्षण केंद्राचा; ते गावाबाहेर होतं. संचालिकेला सगळे 'मॅडम' म्हणत. मॅडमनी त्यांना बसा म्हणायच्या आधीच सुरुवात केली.

"बाईंचं मनगट मोडलंय, कपाळाला टाके पडलेत. थोडक्यात निभावलं. आमच्याकडे प्रशिक्षक एकच, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांची प्रमाणपत्रं तपासा. खोटी निघाली तर मास्तर जातील."

"आणि खरी निघाली तर?"

"तर दोष कुत्र्याचा. कंदीलवर 'निकामी' शिक्का बसेल. एकदा तो शिक्का बसला की आम्ही तो कुत्रा पुन्हा कुणाला देत नाही."

"बाईंना मग दुसरा कुत्रा…?"

"रांग केवढी आहे माहितीये? शिवाय त्यांचा भाचा म्हणतोय, आता कुत्राबित्रा पुरे, मावशीला वृद्धाश्रमात ठेवतो. संध्याकाळी विश्वस्तांची बैठक आहे. तिथं मला उत्तर द्यायचंय." मॅडमनी हातातलं पेन टेबलावर आपटलं. "दोघांतला एक खोटा आहे, काका. माणूस नाहीतर कुत्रा."

तिसरंही काही असू शकेल, असं शंकाकाकांच्या मनात आलं. पण ते बोलायचं धाडस गोळा होईपर्यंत मॅडम दुसऱ्या फोनवर बोलू लागल्या होत्या.

२

मास्तरांच्या खोलीची एक भिंत चौकटींनी भरली होती. सुरक्षा दलाच्या श्वानपथकातली नोकरी, एका जुन्या जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली केलेली उमेदवारी, कुत्र्यांची निगा आणि प्रथमोपचार, आणि सगळ्यांच्या मध्ये वाटाड्या कुत्र्यांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. त्याखाली एक फोटो होता. डोळ्यांवर पट्टी बांधलेले तरुण मास्तर, डाव्या हातात कुत्र्याच्या पट्ट्याची मूठ, आणि भोवती तुडुंब बाजार.

"ही शेवटची परीक्षा," मास्तर म्हणाले. "आपणच शिकवलेला कुत्रा घ्यायचा, डोळे बांधायचे आणि बाजार पार करायचा. कुणाला धक्का लागला की नापास. माझ्यापुढचा उमेदवार टोपल्यांच्या ढिगात पडला."

"भीती नाही वाटली?"

"तेव्हा?" मास्तर हसले. "छे."

त्यांची काळी पँट कडक इस्त्रीची होती. उजव्या हातानं ते बोलता बोलता हवेत चित्रं काढत. डावा हात खिशात.

"कंदील का बसला असेल?" शंकाकाकांनी विचारलं.

"तेच मला कळत नाहीये. झोप लागत नाही हो मला." मास्तर खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. "कुत्रा दमला तर पाय ओढतो. घाबरला तर पळतो. असा ठाण मांडून बसतो तो फक्त सांगितल्यावर."

"कुणी 'बस' म्हणालं असेल."

"आमच्याकडे 'बस' नाहीच. पहिल्या दिवशीचा पहिला धडा आहे तो. जो शब्द घरात येता-जाता कानावर पडतो, तो हुकमाला वापरायचा नाही. 'बस झालं', 'बस ना जरा', 'बस आली का', दिवसभर चालू असतं. म्हणून आमच्या कुत्र्याला बसवायचं तर 'ठिय्या' म्हणायचं. आणि एक सांगतो, कुत्र्याला अर्थ कळत नाही. तुम्ही काय करता, आणि ते करण्याआधी तोंडानं काय म्हणता, एवढंच त्याच्या डोक्यात बसतं."

मास्तरांची बायको चहा घेऊन आली. तिला सगळे वहिनी म्हणत. कुत्र्यांचं जेवण रांधणं हे तिचं काम. पंजाबी ड्रेसवर जागोजागी मातकट, काळे, पांढरे केस चिकटलेले.

"कंदीलला काही करणार नाहीत ना?" कप ठेवता ठेवता तिनं विचारलं. "काल संध्याकाळपासून तो जेवला नाहीये. मी हातानं भरवते म्हटलं तरी…"

"तू जा," मास्तर हळूच म्हणाले.

बाहेर कुत्र्यांनी एकच गिल्ला केला. "आले रे, आलेच!" करत ती पळाली. शंकाकाकांनी चहा संपवला आणि ते फोन घेऊन अंगणात बसले. ज्या ज्या संस्थेचं नाव भिंतीवर होतं तिथं त्यांनी फोन लावला. तारखा विचारल्या, शिक्षकांची नावं विचारली, मास्तरांचं वर्णन करायला लावलं. काही ठिकाणी त्यांनी मुद्दाम चुकीचं साल सांगून पाहिलं, तर समोरच्यानं ते दुरुस्त केलं. बाजारातल्या परीक्षेचा परीक्षक अजून होता. "अहो, त्या पोराची परीक्षा मी घरी जाऊन बायकोला सांगितली होती!" तो म्हणाला.

सगळं खरं. अक्षर न् अक्षर खरं.

माणूस खरा निघाला, म्हणजे कंदील गेला.

उठताना त्यांनी आपली पँट झटकली. एवढा वेळ अंगणात काय बसले, तर दोन्ही गुडघ्यांवर कुत्र्यांचे केसच केस. झटकता झटकता त्यांचा हात थांबला. त्यांनी खिडकीतून मास्तरांकडे एकदा पाहिलं, आणि मग, आपल्याला उगीचच शंका येतात असं स्वतःला सांगत, ते बाईंच्या घरी निघाले.

३

बाईंच्या दारावरची बेल चिमणीसारखी चिवचिवायची. आतून बाईंचा आवाज आला, मग एका पुरुषाचा, "तू नको उठूस गं!" आणि दार उघडलं. तिशीचा, दाढी न केलेला भाचा होता तो.

"पायरीवर दोनदा थबकलात," खुर्चीतून बाई म्हणाल्या. "पायाला काही झालंय की स्वभाव संकोची?"

"स्वभाव."

"मग बसा. उजवीकडची खुर्ची घ्या. डावीकडे भाचेसाहेबांचे कालचे मोजे आहेत."

"मावशी!"

"नाक अजून शाबूत आहे रे माझं." बाईंच्या कपाळावर पट्टी होती, हात प्लास्टरमध्ये. "हा काल मला एका वृद्धाश्रमाची माहिती वाचून दाखवत होता. बाग आहे म्हणे. आंधळीला बाग!"

"मी तुझी मदत करतोय ना…"

"'तुझी' नाही, 'तुला'. मदत तुला करतात. आणि मला ती नकोय. मला माझा कंदील हवाय." त्या शंकाकाकांकडे वळल्या. "विचारा हो तुम्ही. काय विचारायचंय?"

"तो बसला त्याच्या आधी काय काय ऐकलंत?"

"सगळं सांगते. डोळे गेल्यापासून कान काही सोडत नाहीत." बाईंनी मान कलती केली. "डाव्या हाताला बसगाडीचं इंजिन चालू होतं. मागं एक बाई पोराला ओरडत होती, डबा विसरलास म्हणून. गॅसच्या सिलिंडरांचा खडखडाट. पलीकडच्या कडेला हा गाडी घेऊन उभा होता, मला डॉक्टरकडे न्यायचं होतं. यानं हाक मारली, 'मावशी, लवकर चल, गाडीत बस!' मग कुणीतरी हॉर्न दिला, आणि कंदील बसला."

"काय म्हणाले हे?" शंकाकाका एकदम पुढं झुकले.

"गाडीत बस."

भाचा भिंतीसारखा पांढरा पडला.

"मला माहीत होतं," तो पुटपुटला. "काल रात्रभर तेच डोक्यात. मी 'बस' म्हणालो आणि तो बसला. माझ्यामुळं झालं सगळं."

"आणि मग मला आश्रमात टाकून हात झटकणार होतास?"

"टाकून काय गं! मला भीती वाटते, कळत नाही का तुला? तुला रस्त्यावर पडलेलं मी पाहिलंय. तू नाही पाहिलंस!"

शंकाकाकांना मास्तरांचं बोलणं आठवत होतं: आमच्याकडे 'बस' नाहीच. पण माणसानं एक सांगावं आणि कुत्र्यानं दुसरंच शिकावं, असंही होतच असेल.

"बाई, याआधी कधी बसला होता का असा?"

"रस्त्यात कधीच नाही. घरात बसायचा. दाराची बेल वाजली, मी उठले, की हा जागेवर ठिय्या देऊन बसे. मी पुन्हा येऊन डोक्यावर हात ठेवेपर्यंत हलायचा नाही. मला वाटायचं, किती शहाणा आहे! घरात बसला तर कोण कशाला हरकत घेईल?"

म्हणजे 'बस' की बेल? शंकाकाकांनी भाच्याला विनंती केली, बेलचा आवाज फोनमध्ये भरून घ्या आणि माझ्याबरोबर चला.

४

केंद्राच्या मैदानात त्या दुपारी वेगळीच गडबड होती. कॉलेजात शिकणारी एक आंधळी मुलगी आईबरोबर आली होती. तिला आज मिरी नावाची काळी कुत्री मिळायची होती. मुलीचा आनंद अंगात मावत नव्हता. मिरीची मूठ धरून ती कुंपणाच्या कडेकडेनं फेऱ्या मारत होती. मास्तर कठड्याबाहेर उभे राहून सूचना देत होते, आत मुलीच्या बाजूनं वहिनी चालत होती.

मॅडम घड्याळाकडे बघत आल्या. "मिळालं का उत्तर?"

"बहुतेक," शंकाकाका म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना ते खोटं वाटलं.

कंदीलला बाहेर आणलं. बिचारा मान खाली घालून आला. वहिनीला पाहून शेपूट हलवली. कठड्याबाहेरच्या मास्तरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शंकाकाकांनी भाच्याला खूण केली.

"मावशी, लवकर चल, गाडीत बस!" भाचा ओरडला.

कंदीलनं कान टवकारले. उभाच.

"बस! बस!"

कंदीलनं जांभई दिली. भाच्यानं इतका मोठा श्वास सोडला की सगळ्यांनी वळून पाहिलं.

मग बेलचा आवाज लावला. चिमणी चिवचिवली. कंदील शेपूट हलवत फोनपाशी आला, त्याला हुंगलं, आणि फाटकाच्या दिशेनं बघत उभा राहिला. घरी बेल वाजली की बसणारा कुत्रा इथं बेल वाजूनही बसेना.

"झाली का सर्कस?" मॅडम म्हणाल्या. "काका, तुमचा आदर आहे, पण मला बैठकीला जायचंय. कुत्रा लहरी आहे, एवढंच."

शंकाकाकांनी कंदीलकडे पुन्हा एकदा पाहिलं. ते मैदानात येरझारा घालू लागले. बेल नाही. बस नाही. पण घरी बेल वाजल्यावर तो बसतोच. बेल वाजल्यावर आणखी काय होतं? बाई उठतात. आज मी बेल दाबली तेव्हा काय झालं? आतून बाईंचा आवाज आला. काय म्हणाल्या त्या?

कठड्यापलीकडून मुलीच्या आईनं हाक मारली, "अगं, चल की आता, बस चुकेल आपली!"

"आलेच आई!" मुलगी म्हणाली आणि तिनं पाऊल उचललं.

मिरी खाडकन खाली बसली. मुलगी अडखळली, तिच्यावरून पडता पडता वाचली.

आणि शंकाकाकांनी मान वळवली, तर त्यांच्या शेजारी उभा असलेला कंदीलही बसला होता.

५

"मुलीला बाहेर घ्या!" शंकाकाका ओरडले. आपला आवाज एवढा मोठा निघतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. "मूठ सोड बाळ, आईकडे जा. वहिनी, तुम्ही काही बोलू नका. कुणीच बोलू नका."

त्यांनी कंदीलला पट्ट्याला धरून उठवलं, डोक्यावरून हात फिरवला, मिरीलाही तसंच उठवलं. मग घसा साफ केला.

"आलोच," ते म्हणाले.

कंदील उभा. मिरी उभी.

पुढचं करणं त्यांच्या जिवावर आलं. समोर मॅडम, विश्वस्तांपैकी आलेले दोन गृहस्थ, एक तरुण मुलगी, तिची आई. लहानपणी नाटकात स्त्री-भूमिका करायला सांगितली म्हणून ते तापाचं निमित्त करून घरी राहिले होते. त्यांनी डोळे मिटले.

"आलेच!" ते म्हणाले. "आले हं, आलेच!"

कंदील बसला. मिरी बसली. जाळीपलीकडं भुंकणारे, खेळणारे, पाणी पिणारे कुत्रे एकेक करून बसले. सगळं आवार गप्प झालं.

मुलीला हसू आलं, तिनं तोंडावर हात घेतला. बाकी कुणी हसलं नाही.

"बाईंनी मला रस्त्यावरचा प्रत्येक आवाज सांगितला," शंकाकाका म्हणाले. बोलताना ते कुणाकडेच बघत नव्हते. "फक्त एक सोडून. स्वतःचा. भाच्यानं हाक मारली, 'लवकर चल'. त्यावर कुठलीही बाई काय म्हणेल? 'आलेच.' आपण म्हटलं हे लक्षातसुद्धा राहत नाही. बेल वाजली तरी त्या तेच म्हणतात, आणि कंदील बसतो. रस्त्यातही त्यानं तेच केलं. हट्ट नव्हता तो. त्याला आज्ञा झाली होती."

"मग बाकीचे कुत्रे?" मॅडम म्हणाल्या. "गेली काही वर्षं देतोय आपण. एकाचीही तक्रार नाही."

"कुणाकुणाला दिलेत?"

मॅडम बोटांवर मोजू लागल्या. "एक टेलिफोन ऑपरेटर. एक वकील. पियानो सुरात लावणारा तो… " आणि त्या थांबल्या.

"सगळे पुरुष," शंकाकाका म्हणाले. "ते म्हणतात 'आलोच'. त्यांचा कुत्रा कशाला बसेल? एवढ्यात कुत्रा मिळालेल्या पहिल्या स्त्री म्हणजे बाई. आज दुसरीला मिळणार होता." त्यांनी मिरीकडे पाहिलं. "पण मग प्रश्न असा, की कुत्र्यांनी 'आलेच' शिकावं कुणाकडून? मास्तर काही 'आलेच' म्हणणार नाहीत."

सगळ्यांच्या नजरा कठड्याकडे वळल्या. मास्तर बाहेरच उभे होते. इस्त्रीची काळी पँट, त्यावर एक केस नाही.

"मास्तर, जरा आत येता? कंदीलची मूठ धरून एक फेरी मारून दाखवा."

मास्तरांनी फाटकाच्या कडीवर हात ठेवला. कडी निघाली. पाऊल काही उचललं नाही. त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आले होते.

"अहो, राहू द्या," वहिनी म्हणाली आणि मैदानातच खाली बसली. "त्यांना नका सांगू. मी सांगते. सगळे कुत्रे मीच शिकवलेत."

मास्तरांनी खिशातून डावा हात काढला. मनगटापासून अंगठ्यापर्यंत मांस ओढल्यासारखा जुना व्रण होता. दोन बोटं मिटत नव्हती.

"सोडवून आणलेला कुत्रा होता एक," ते म्हणाले. "चूक माझीच होती, त्याची नाही. हात बरा झाला, पण फाटकातून आत जायचं म्हटलं की… भिंतीवर सगळं आहे माझ्याकडे, काका. पण कुत्र्याला ते दाखवून काय उपयोग? हिनं बघून बघून शिकून घेतलं. मी बाहेरून सांगायचो, ही आत करायची. दुसरं कुठं जाणार होतो आम्ही?"

"चुलीवर त्यांचं जेवण शिजत असायचं," वहिनी म्हणाली. ती कंदीलकडे बघत होती. "कुत्र्याला ठिय्या सांगायचं, आणि 'आलेच हं' म्हणून आत ढवळायला पळायचं. परत येऊन डोक्यावर हात ठेवला की तो उठायचा. मला वाटायचं, ठिय्या शिकला. तो हे शिकत होता होय!" तिनं ओढणीनं डोळे पुसले. "रस्त्यात तो माझीच वाट बघत बसला होता. आणि मी चुलीशी."

"पहिल्या दिवशीचा पहिला धडा," मास्तर म्हणाले. "आज सकाळी मी तो या काकांना तोंड वर करून शिकवला. आणि ही माझ्यादेखत रोज 'आलेच' म्हणत होती. मला ऐकूच आलं नाही. लग्न झाल्यापासून ऐकतोय ना. घड्याळाच्या टिकटिकीसारखं झालं होतं."

शंकाकाकांना स्वतःचं घर आठवलं. तो चष्मा आठवला.

६

बैठकीत मॅडम पुष्कळ चिडल्या, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. एका बाईचा जीव जाता जाता राहिला होता. वहिनीला कुत्र्यांची जात कळत होती, पण जे न शिकल्यामुळं चूक झाली ते शिकल्याचं प्रमाणपत्र मास्तरांच्या भिंतीवर निमूट टांगलेलं होतं.

शंकाकाकांना दाराजवळची खुर्ची दिली होती. "तुमचा अहवाल?" एका विश्वस्तानं विचारलं.

"प्रमाणपत्रं खरी आहेत," ते उठून म्हणाले. "कुत्राही खरा आहे."

"दोघंही खरे? मग खोटं काय?"

"शिकवणाऱ्याच्या जागी लिहिलेलं नाव. तेवढंच." ते बसायला गेले, पुन्हा उठले. "ज्याला येतं तो आत जाऊ शकत नाही, जी आत जाते तिला कुणी रीतसर शिकवलेलं नाही. मला… मला जास्त कळत नाही यातलं. पण कंदीलवर शिक्का मारू नका. त्याला जे शिकवलं ते त्यानं भर रहदारीत, जीव धोक्यात घालून केलं. निकामी कुत्रा असं करत नाही."

कंदीलवर शिक्का बसला नाही. मास्तरांचं पद गेलं. वहिनीला रीतसर उमेदवारी करून ती डोळे बांधायची परीक्षा द्यायची आहे, आणि तोवर केंद्रातून एकही नवा कुत्रा बाहेर जाणार नाही. त्या कॉलेजातल्या मुलीला रडू आवरेना. सगळंच काही सगळ्यांच्या मनासारखं होत नाही.

कंदीलचं मात्र अडलंच. मास्तर कठड्याबाहेरून म्हणाले, "शब्द शिकवायला वेळ लागत नाही. काढायला लागतो. महिने जातील. तोवर कुठल्याही स्त्रीच्या हाती त्याला देणं बरं नाही."

बाईंना हे फोनवर सांगायचं काम शंकाकाकांवर आलं. त्यांनी ते तीनदा मनात म्हणून पाहिलं, मग सांगितलं.

"आणि तोवर याची ती बाग," पलीकडून बाई म्हणाल्या. "बरं, मला सांगा, तुम्ही 'आलोच' म्हणालात तेव्हा कंदील बसला नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

शंकाकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा या प्रश्नाला चाचरत उत्तर दिलं नाही. "नक्की."

"रस्त्यावर दुसरी कुणी बाई 'आलेच' म्हणाली तर?"

मास्तरांना विचारून त्यांनी सांगितलं, "हातात मूठ असलेल्या माणसाचंच तो ऐकतो. मैदानात त्याची मूठ कुणाच्याच हातात नव्हती, म्हणून बसला."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

बाईंचं प्लास्टर निघाल्यावर शंकाकाका त्यांना भेटायला गेले. पायरीवर ते दोनदा थबकले. जावं की नको, उगीच त्रास. मग बेल दाबली, आणि चिमणी चिवचिवली.

"आलोच!" आतून बाईंचा खणखणीत आवाज आला.

दार उघडलं. दारात बाई, आणि बाईंच्या डाव्या गुडघ्याशी, उभा, शेपूट हलवणारा कंदील. मागं भाचा, हातात पोळपाट, तोंडावर हसू.

"ऐकलंत ना?" तो म्हणाला. "मैदानात हिच्याकडून पुन्हा पुन्हा 'आलोच' म्हणवून घेतलं, तेव्हा कुठं मॅडमनी कंदीलला घरी सोडलं. आता घरात दिवसभर 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' चाललंय. खालचे काका मला विचारत होते, वर कोण पाहुणे आलेत."

"मी चुकून परत जुन्या सवयीवर जाऊ नये म्हणून सगळंच बदललं," बाई म्हणाल्या. "पोरांच्या वह्यांत ही चूक मी जन्मभर लाल शाईनं खोडली हो. कर्ता स्त्रीलिंगी तर क्रियापद स्त्रीलिंगी. परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली, तिला वाटलं बाईंच्या डोक्याला मार बसला." त्यांनी कंदीलची मूठ धरली, पाठ ताठ केली. "बसू नका तुम्ही. आम्ही बाहेर निघालोय. तुम्हीही चला, रस्ता ओलांडेपर्यंत."

खाली रस्त्यावरून कुणीतरी मैत्रीण ओरडली, "बाई, येताय ना?"

शंकाकाका जागीच थांबले. त्यांनी कंदीलकडे पाहिलं. कंदीलनं वर बाईंकडे पाहिलं.

"आलो गं!" बाई ओरडल्या. "आलोच!"

आणि कंदील पहिली पायरी उतरला.